लेकरांसह रविवारची उपासना: भुसावळातील एका मंडळीचा अनुभव

बदलीमुळे भुसावळात आल्यापासून आम्ही येथील एका मराठी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, उपासनेला जातो. मुलगी सात वर्षांची आहे, मुलगा चार वर्षांचा. येथे शब्बाथशाळा, म्हणजे मुलांचा रविवारचा बायबलचा वर्ग, साडेआठला भरते आणि साडेनऊच्या उपासनेत लेकरे पहिल्या गीतापासून शेवटच्या आशीर्वादापर्यंत आईवडिलांजवळच बसतात. आमच्या आधीच्या मंडळीत दुसरे गीत झाले की मुलांना मागच्या खोलीत नेत असत. त्यामुळे प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षरस घेण्याच्या विधीच्या वेळी मोठी माणसे नेमके काय करतात, हे मुलीने येथे येईपर्यंत एकदाही पाहिले नव्हते.

शब्बाथशाळेला माझा विरोध नाही. १७८० मध्ये इंग्लंडमधील ग्लॉस्टर येथे रॉबर्ट रेक्स यांनी अशी शाळा काढली, ती आठवडाभर राबणाऱ्या गरीब मुलांना वाचता यावे म्हणून, आणि धडे झाल्यावर त्या मुलांना चर्चमध्येही नेत असत. बायबलमधील, इफिसच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल थेट मुलांना उद्देशून बोलतो. ते पत्र सभेत वाचले जाताना मुले तेथेच बसलेली असतील, हे त्याने गृहीत धरले होते, असे मला वाटते.

येथे मला सर्वांत भावले ते गायन. ‘उपासना संगीत’ हे गीतांचे पुस्तक उघडून मुलगी माझ्या बोटामागे ओळी वाचते, आणि ज्याला अक्षरओळखही नाही त्या मुलाला आता प्रभूची प्रार्थना अर्ध्याहून अधिक पाठ आहे, जी आम्ही त्याला मुद्दाम कधीच शिकवली नाही. तो रडू लागला की मागच्या बाकावरच्या आजी त्याला मांडीवर घेतात. पाळकसाहेब (मंडळीचे धर्मगुरू) उपदेश थांबवत नाहीत, कोणी वळूनही पाहत नाही.

उणीव आहे ती उपदेशाची. पन्नास मिनिटांच्या उपदेशात मुलांना कळेल असे एक वाक्यही नसते. त्यांना सोबत बसवायचे तर निदान पाच मिनिटे त्यांच्याशी बोलायला हवे, एवढी विनंती मी पाळकसाहेबांना केली आहे. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांकडे जातो तेव्हा मागच्या बाकांवर पंख्याचा वारा पोहोचत नाही. लहान मूल असेल तर डावीकडची तिसरी रांग धरावी आणि पाण्याची बाटली सोबत ठेवावी. तान्ह्या बाळाला घेऊन व्हरांड्यात उभे राहिले, तरी उपदेश स्पष्ट ऐकू येतो.