गृहकर्ज कुठून घ्यावं? कोल्हापुरात तीन ठिकाणी फिरून आलेला अनुभव

गेल्या वर्षी कोल्हापूरच्याच संभाजीनगर भागात एका जुन्या अपार्टमेंटमधला टू बीएचके घेतला. व्यवहार ४२ लाखांचा, कर्ज ३० लाख, मुदत २० वर्षं. मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या अकाउंट्समध्ये आहे, यांचं लक्ष्मीपुरीत टू-व्हीलर स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. कर्जासाठी एक राष्ट्रीयीकृत बँक, एक हाउसिंग फायनान्स कंपनी आणि आमचं जुनं खातं असलेली सहकारी बँक, असे तिघांचे उंबरे झिजवले आणि शेवटी राष्ट्रीयीकृत बँकेतून कर्ज उचललं. शाखेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या साहेबांची दोन-तीन वर्षांत बदली होणार, मग माझ्या शब्दावर तिथं जाणाऱ्याच्या पदरात काय पडेल कुणास ठाऊक. त्यापेक्षा कर्ज देणाऱ्याला कशावरून पारखायचं ते लिहिते.

माझं मत असं की घराचे कागद जो सगळ्यात कडक तपासतो, त्याच्याकडूनच कर्ज घ्यावं. दराचा विचार त्यानंतर. आमच्या कर्जावर पाव टक्क्याचा फरक म्हणजे महिन्याला ४६० रुपये. तो महत्त्वाचा आहेच, पण टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्कात, खोट निघाली तर अख्खे ४२ लाख अडकतात.

आमच्या बाबतीत झालं ते सांगते. घर विकणाऱ्या काकांनी पूर्वी याच फ्लॅटवर एका पतसंस्थेचं कर्ज घेतलेलं होतं. ते फिटल्याचा बेबाकी दाखला त्यांच्याकडे होता, शिक्क्यासकट. हाउसिंग फायनान्सच्या माणसानं मोबाइलवर त्याचा फोटो काढला आणि म्हणाला, "ओके आहे मॅडम, या आठवड्यात सँक्शन करून देतो." बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलांनी मात्र ३० वर्षांचा सर्च घेतला, म्हणजे नोंदणी कार्यालयातल्या जुन्या दस्तांच्या नोंदी तपासल्या, आणि तिथल्या इंडेक्स टू या नोंदीत त्या पतसंस्थेचं नोंदणीकृत गहाणखत सापडलं. ते सुटल्याची नोंद कुठंच नव्हती. मी दाखला पुढं केला तर ते म्हणाले, "वहिनी, बेबाकी म्हंजे पैसे फिटले एवढंच. गहाण सुटलं असं यात कुठं लिहिलंय? रिकन्व्हेयन्स डीड, म्हणजे गहाण सोडल्याचा दस्त, रजिस्टर करून आणा, त्याशिवाय मी क्लिअर रिपोर्ट देत नाही."

आता ती पतसंस्था अवसायनात गेलेली. म्हणजे सही अवसायकाची, ती गुंडाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याची, लागणार. काका वैतागले, एजंट रोज फोन करून दुसरं गिऱ्हाईक तयार आहे म्हणून सांगायला लागला. घरातही कुरबूर झाली, एवढा उशीर होतोय तर दुसरीकडून का घेत नाही म्हणून. मी हटले नाही. शेवटी काका आणि हे मिळून अवसायकाच्या कार्यालयात गेले, जुनं कर्जखातं काढून घेतलं, डीड झालं, नोंदणी झाली, मगच बँकेचा चेक निघाला. उद्या आम्हाला हे घर विकायचं झालं तर हीच अडचण आमच्या गळ्यात पडली असती, आणि तेव्हा ते काका कुठं शोधायचे? वकिलांची फी आपणच भरतो, कर्ज नामंजूर झालं तरी ती परत मिळत नाही, पण ह्या घरात घातलेल्या पैशांत सगळ्यात कारणी लागलेली रक्कम तीच.

व्हॅल्युएशनचंही तसंच. त्याआधी रमणमळ्याकडचा एक फ्लॅट आम्ही जवळजवळ ठरवला होता. बँकेच्या व्हॅल्युअरनं आत पाऊल टाकायच्या आधी वॉचमनला विचारलं, २०१९ ला आणि २०२१ ला पार्किंगमध्ये पाणी कुठवर होतं? मग भिंतीवरची खूण टेपनं मोजली आणि पुराची निळी रेषा, लाल रेषा कुठून जाते ते नकाशावर बघायला लावलं. पंचगंगेच्या काठाला घर घेणाऱ्यानं हे स्वतःच विचारायला पाहिजे, पण हॉल आणि किचन बघून मन भुललेलं असतं. तो फ्लॅट आम्ही सोडला.

आता दराकडे येते. जाहिरातीतला आकडा बघायचा नाही, मंजुरीपत्रातली ओळ बघायची. आमच्या पत्रात होतं: रेपो ५.५० अधिक स्प्रेड २.२५, एकूण ७.७५ टक्के. रेपो म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं कर्ज देते तो, स्प्रेड म्हणजे त्यावर बँक लावते ती वाढ. हप्ता २४,६२८ रुपये. १ ऑक्टोबर २०१९ पासून व्यापारी बँकांना नवीन फ्लोटिंग गृहकर्ज अशा बाहेरच्या दराला जोडावंच लागतं, तीन महिन्यांतून एकदा तरी दर बदलून द्यावा लागतो आणि स्प्रेड मनाला येईल तेव्हा वाढवता येत नाही. हाउसिंग फायनान्स कंपनीचा दर ७.६० होता, ऐकायला स्वस्त. पण तो "आमचा पीएलआर वजा सूट" असा लिहिलेला. हा पीएलआर म्हणजे कंपनीचा मूळ दर, तो ती स्वतः ठरवते. रेपो उतरला तर तुमचा दर कधी उतरणार, या प्रश्नाला त्या माणसाकडे उत्तर नव्हतं. "कन्व्हर्जन फी भरून कमी करून घेता येतो मॅडम," एवढंच.

फरक लवकरच दिसला. डिसेंबर २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो ५.२५ केला आणि पुढच्या रिसेटला, म्हणजे दर बदलायच्या तारखेला, मी न मागता आमचा दर ७.५० झाला. हप्ता कमी करायचा की मुदत, असं विचारलं गेलं. मी हप्ता तोच ठेवला, मुदत साधारण नऊ महिन्यांनी आत आली. रेपो वर गेला की हाच दर वर जाणार, हेही डोक्यात ठेवूनच घेतलंय. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो ४ वरून ६.५० झाला, तेव्हा आमच्या ऑफिसातल्या कित्येकांची मुदत गुपचूप लांबत गेली होती. ऑगस्ट २०२३ च्या नियमानंतर बँकेला आता कर्जदाराला विचारावं लागतं. तुम्हाला विचारलं नाही तर लेखी मागा.

केएफएस, म्हणजे की फॅक्ट स्टेटमेंट, मागितल्याशिवाय कुठंही सही करू नका. १ ऑक्टोबर २०२४ पासून ते द्यावंच लागतं, तेही कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत. मी मराठीत मागितलं आणि मिळालं. त्यात प्रोसेसिंग फी वगैरे धरून वर्षाचा खरा खर्च, एपीआर, एका आकड्यात असतो. दोन ठिकाणचे एपीआर शेजारी ठेवले की जाहिरातीची हवा निघते. कंपनीच्या कागदात ९०,००० रुपयांचा विमा कर्जातच मिळवलेला निघाला. विमा हवाच, दोघांच्या टर्म पॉलिसी आम्ही आधीच काढल्यात. पण कर्जात मिळवलेले ९०,००० रुपये त्यांच्या ७.६० टक्क्यांनी २० वर्षं फेडायचे तर १,७५,००० च्या पुढं जातात. कर्जासाठी त्यांचाच विमा घेणं सक्तीचं नाही, हे ठामपणे सांगा.

सहकारी बँकेबद्दल माझ्या मनात आदर आहे. यांचं दुकान उभं राहिलं ते त्यांच्याच कॅश क्रेडिटवर, पिग्मीवाला रोज संध्याकाळी येतो. इन्कम टॅक्स रिटर्नमध्ये उत्पन्न कमी दिसत असलं तरी गल्ला किती होतो हे त्यांना ठाऊक आहे, आणि ज्यांचं उत्पन्न कागदावर पूर्ण दिसत नाही त्यांनी आधी तिथंच जावं. आम्हाला अडलं ते वेगळ्याच गोष्टींवर: दर जास्त, तो रेपोला जोडलेला नाही, बँकेचे शेअर घ्यायचे आणि वर दोन जामीनदार. २० वर्षांच्या कर्जाला दीर-भावजींना जामीन ठेवणं मला पटलं नाही. नाती ताणली जातात.

राष्ट्रीयीकृत बँकेत त्रासही झाला. तीच कागदपत्रं पुन्हा पुन्हा मागितली, यांच्या तीन वर्षांच्या रिटर्नवर प्रत्येक आकड्याचा खुलासा मागितला, फोन कुणी उचलत नाही. ज्याला घाई आहे, टोकनची मुदत संपत आलीय, त्यानं आधीच विकणाऱ्याकडून जादा मुदत लिहून घ्यावी. पण घर एकट्या माझ्या नावावर घ्या, यांना फक्त सहकर्जदार ठेवा, हे तिथल्याच कर्ज अधिकारी मॅडमनी सुचवलं. महिलेच्या नावावर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत, म्हणजे ४२,००० रुपये वाचले. व्याजातही ०.०५ ची सूट मिळाली, ७.७५ हा ती धरूनच आलेला दर.

मूळ दस्त जमा करताना पानांच्या आकड्यासह यादी करून घ्या, त्यावर शिक्का आणि सही घ्या. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत दस्त परत करायचे, बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा नियम डिसेंबर २०२३ पासून आहे, आणि दस्त कुठं व कधी परत मिळणार ते मंजुरीपत्रात लिहिलेलं असतं. आमच्या यादीत त्या अवसायकाच्या सहीचं रिकन्व्हेयन्स डीडही आहे. फ्लोटिंग कर्जाला मुदतीआधी फेडीचा दंड नसतो, त्यामुळे यंदाचा दिवाळी बोनस सरळ मुद्दलात भरणार आहे.