शेणखत कुजवायला खड्डा की ढीग?

पाणी कमी आणि ऊन कडक असेल तर खड्डा. त्यात ओल टिकते, वारा लागत नाही, चार-चार दिवस पाणी मारावं लागत नाही. खोली मात्र 1 मीटरच्या वर नेऊ नका. तळाला हवा पोचत नाही आणि उपसताना कंबर मोडते. खत तयार व्हायला सहा-आठ महिने धरा.

पावसाळ्यात खड्ड्याचं डबकं होतं. हवा कोंडते, सडक्या अंड्यासारखा वास सुटतो आणि काळा चिकट गाळ हाती येतो. काठाला मातीचा बांध आणि वर छप्पर नसेल तर तेव्हा ढीगच बरा.

ढीग लांबी, रुंदी, उंची तिन्हीकडून किमान 1 मीटर हवा, नाहीतर ऊब धरत नाही. वीतभर सुका पालापाचोळा, त्यावर चार बोटं शेण, असे थर द्या. दोन-तीन दिवसांनी मधोमध लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी ओढा. हातात धरवत नसेल तर काम सुरू आहे. आत 55 ते 60 अंश तापलं की तणाचं बी बहुतेक मरतं. खड्ड्यात एवढी धग क्वचितच येते, म्हणून त्या खताबरोबर तणही शेतात जातं. सळई गार निघाली तर मूठभर माल पिळून बघा: एक-दोन थेंब पडले तर ओल बरोबर, धार लागली तर सुका पाला मिसळा.

पंधरा दिवसांनी ढीग उलथायलाच हवा, बाहेरचं आत. ही मेहनत झाली तर तीन-चार महिन्यांत खत. माणूसबळ नसेल तर मुकाट्याने खड्डा खणा.