ॲड-ऑन कार्ड, सहकर्जदार की जामीन? सही करण्याआधी सुटकेची वाट बघा

फोंड्याला राहणाऱ्या माझ्या भाचीचं डिसेंबरात लग्न आहे. चवथीला माटोळी बांधून झाल्यावर आम्ही चहाला बसलो, तेव्हा तिनं एका दमात तीन प्रश्न विचारले. "मामा, त्याच्या क्रेडिट कार्डावर माझ्या नावाचं दुसरं कार्ड घेऊ का? फ्लॅटच्या कर्जात माझीही सही घालू का? आणि त्याच्या भावाला टॅक्सी घ्यायचीय, त्याला मी जामीन राहू का?" तिन्हीत पैसा घरातल्याच माणसाला मिळतो, म्हणून तिला तिन्ही सारखेच वाटत होते. तिला जे सांगितलं तेच इथं लिहितोय. व्याजदर बाजूला ठेवतो. बिघडलं तर कोण भरणार आणि त्यातून बाहेर कसं पडता येणार, एवढंच बघू.

ॲड-ऑन कार्डाचं, म्हणजे एकाच्या खात्यावर दुसऱ्याच्या नावानं मिळणाऱ्या जादा कार्डाचं, उत्तर सर्वांत सरळ. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांत स्पष्ट म्हटलंय की अशा कार्डाची देणेदारी मूळ कार्डधारकाची. भाचीनं कितीही खर्च केला तरी बिल होणाऱ्या नवऱ्याच्या नावावर, आणि हप्ता चुकला तर डाग त्याच्या क्रेडिट इतिहासावर. म्हणजे घेणाऱ्याला धोका कमी, देणाऱ्याला जास्त. सुटकाही सोपी: मूळ धारकानं ते कार्ड बंद करायला सांगितलं की झालं. बऱ्याच बँका ॲड-ऑनवर वेगळी मर्यादाही घालू देतात. ती घालून घ्यावीच.

पण "बंद" या शब्दावर मी स्वतः फसलोय. मुलगा पुण्याला शिकत होता, तेव्हा माझ्या कार्डावर त्याला ॲड-ऑन दिलं होतं. शिक्षण संपल्यावर मी फोनवर "कार्ड बंद करा" सांगितलं, त्यानं कार्ड कात्रीनं कापलं आणि आम्ही विषय विसरलो. वर्षभरानं मोटारसायकलच्या कर्जाला गेलो तर माझ्या नावावर थकबाकी! वार्षिक शुल्क, त्यावर जीएसटी, विलंब आकार आणि मुलाच्या कुठल्याशा ॲपची दरमहा आपोआप कापली जाणारी वर्गणी. रक्कम छोटी होती, क्रेडिट स्कोअर (कर्जफेडीच्या इतिहासावर मिळणारे गुण) मात्र चांगलाच घसरला. फोनवरच्या बोलण्याचा माझ्याकडे काहीच पुरावा नव्हता.

आज तसं झालं असतं तर माझ्या हातात नियम असता. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमानुसार सगळी बाकी भरलेली असेल तर बंद करण्याची विनंती बँकेनं ७ कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायची. उशीर झाला तर दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला. म्हणून आधी आपोआप जाणाऱ्या वर्गण्या थांबवा, मग बाकी शून्य करा, मग ईमेलवर किंवा ॲपमधून लेखी विनंती करा आणि तिचा क्रमांक जपा. बँकेनं ३० दिवसांत तक्रारीचं उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार विनाशुल्क करता येते.

एक गल्लत मात्र करू नका. आपण न केलेल्या ऑनलाइन व्यवहारांबद्दल २०१७ च्या परिपत्रकानं संरक्षण दिलं: चूक ना आपली ना बँकेची, आणि ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर देणं शून्य. हे संरक्षण चोरीसाठी आहे. घरच्या माणसानं ॲड-ऑन कार्डावर केलेली खरेदी तुम्हाला पटली नाही, तरी ती चोरी ठरत नाही. आणि ओटीपी आपणच कुणाला सांगितला, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपलंच.

सहकर्जदाराचं प्रकरण वेगळं. भारतीय करार कायदा १८७२ चं कलम ४३ सांगतं की दोघांनी मिळून वचन दिलं तर ज्याला वचन दिलं तो (इथं बँक) कोणा एकाकडूनही पूर्ण रक्कम मागू शकतो. "माझा अर्धा हप्ता मी भरला" हे उत्तर बँकेपुढे चालत नाही. जास्त भरलेलं दुसऱ्याकडून मागण्याचा हक्क आहे, पण ते तुमचं तुम्ही बघायचं. मधूनच नाव काढायचं तर बँकेची संमती लागते, आणि दुसऱ्याच्या एकट्याच्या पगारावर कर्ज बसत नसेल तर ती मिळणं कठीण. घटस्फोटानंही बँकेशी केलेला करार तुटत नाही.

आपल्या गोव्यात याला आणखी एक पदर आहे. लग्नाआधी करार केला नसेल तर पोर्तुगीज काळापासून चालत आलेली सामायिक मालमत्तेची पद्धत, म्हणजे कम्युनियन ऑफ ॲसेट्स, आपोआप लागू होते. मालमत्ता दोघांची, हिस्सा अर्धा-अर्धा. नवऱ्याच्या एकट्याच्या कार्डाचा करार त्याचाच असतो, बायको त्यात कर्जदार होत नाही. पण वसुली सामायिक मालमत्तेपर्यंत पोचली, तर कुणाचा हिस्सा किती धरायचा हा वाद दारात येतो. सामायिक घर तारण ठेवायचं तर दोघांच्याही सह्या लागतात. इथं भाचीला मी कागद दाखवून समजावलं: मालकीण म्हणून तारणाला संमती देणं वेगळं आणि कर्जदार म्हणून सही करणं वेगळं. पहिल्यात घर पणाला लागतं, दुसऱ्यात तिचा पगारही. बहुतेक बँका सहमालकाला सहकर्जदार करूनच घेतात. म्हणून सही करायचीच असेल तर आधी फ्लॅटच्या कागदावर तिचं नाव हवं. मालमत्ता वेगळी ठेवायची असेल तर तो करार लग्नाआधीच सार्वजनिक दस्तानं (अधिकाऱ्यापुढे नोंदवलेल्या कागदानं) करावा लागतो, नंतर बदलता येत नाही.

जामीन राहणं मला तिन्हींत सर्वांत महाग वाटतं, कारण हातात काहीच येत नाही. त्याच करार कायद्याच्या कलम १२८ प्रमाणे, करारात वेगळं लिहिलं नसेल तर जामीनदाराची देणेदारी कर्जदाराएवढीच. बँकेनं आधी कर्जदाराच्याच मागे लागावं असं बंधन नाही. पैसे भरल्यावर बँकेचे हक्क जामीनदाराकडे येतात. पण घरच्याच माणसावर ते बजावणार कोण? ओव्हरड्राफ्टसारख्या चालू राहणाऱ्या खात्याला जामीन असाल तर कलम १३० खाली लेखी सूचना देऊन पुढच्या व्यवहारांपुरतं सुटता येतं. टॅक्सीच्या एकरकमी कर्जाला ती वाट नाही.

 

कर्ज फिटल्यावरही अंगावर काही राहू नये म्हणून दोन गोष्टी. क्रेडिट अहवालात "क्लोज्ड" लिहून आलं पाहिजे. "सेटल्ड" म्हणजे बँकेनं काही सोडून दिलं, आणि पुढचा कर्ज देणारा ते वाचतो. लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एक संपूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो बघा. दुसरं, घराचे मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेमुळे उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या २०२३ पासूनच्या नियमाप्रमाणे दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. फॉर्म एक-चौदावर, म्हणजे गोव्यातल्या जमिनीच्या उताऱ्यावर, बोजाची नोंद असेल तर तीही काढून घ्या.

भाचीनं ॲड-ऑन कार्ड घ्यायचं ठरवलंय, छोटी मर्यादा घालून. फ्लॅट दोघांच्या नावावर होत असेल तरच ती कर्जात येणार आहे. टॅक्सीच्या जामिनाचा कोरा नमुना मी मागवलाय. कर्जाची रक्कम आणि जामिनाची कमाल मर्यादा त्यात आकड्यांत लिहिल्याशिवाय ती पेन हातात घेणार नाही, असं तिनं होणाऱ्या दिराला स्वतःच कळवलंय.