कोंबडीच्या दुखऱ्या पायासाठी स्वतःलाच चिकटणारी पट्टी: एक अभिप्राय

पाळीव कोंबडीच्या तळव्याला होणाऱ्या संसर्गाला कुक्कुटपालक सर्रास ‘बंबलफूट’ म्हणतात. त्यावर घरी उपचार करायचे ठरवले की सल्ल्यांचा भडिमार होतो तो औषधांचा: कोणते मलम लावावे, कोणत्या द्रावणाने धुवावे, कोणते मीठ पाण्यात घालावे. पाय बांधायचा कशाने, हा प्रश्न मात्र बहुतेकांच्या यादीत शेवटी येतो, आणि घरगुती उपचार फसतात ते बहुधा तिथेच. म्हणून हा अभिप्राय औषधाचा नसून पट्टीचा आहे. औषधांच्या आणि प्राण्यांच्या वस्तूंच्या दुकानांत ‘कोहेसिव बँडेज’ या नावाने मिळणारी, लवचीक, किंचित सुरकुतलेली आणि फक्त स्वतःलाच चिकटणारी ही पट्टी मी आमच्या वजनदार जातीच्या कोंबडीच्या पायावर, वेगवेगळ्या उत्पादकांचे रोल आणून वापरली आहे.

पट्टीचे गुणदोष कळण्यासाठी आजाराचे स्वरूप थोडे समजून घ्यावे लागते. तळव्याच्या जाड कातडीला बारीक चीर पडते, कुसळ घुसते किंवा सततच्या दाबाने ती घासली जाते, आणि त्या फटीतून जिवाणू आत शिरतात. त्यांत स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा सर्वांत जास्त आढळतो. सुरुवातीला तळवा नुसता लालसर आणि चकाकता दिसतो. पुढे मधोमध काळी किंवा तपकिरी खपली धरते, पाय सुजतो, हाताला गरम लागतो आणि कोंबडी लंगडू लागते. पक्ष्यांच्या पांढऱ्या पेशींमध्ये पू पातळ करणारी काही विकरे (एन्झाइम) सस्तन प्राण्यांसारखी नसतात, त्यामुळे त्यांचा पू वाहून जात नाही, तर खपलीखाली घट्ट, कोरडा गोळा होऊन बसतो. माणसाच्या गळवासारखे ‘पिकेल आणि फुटेल’ अशी वाट पाहत बसणे इथे उपयोगाचे नाही. शिवाय ज्या तळव्यावर जखम आहे त्याच तळव्यावर कोंबडी दिवसभर उभी राहते, विष्ठेत आणि मातीत तोच पाय रोवून उकरते. म्हणजे बाहेरची घाण आत जाऊ न देणे, आतले औषध जागेवर ठेवणे आणि दुखऱ्या जागेवरचा दाब कमी करणे, ही तीन कामे पट्टीने एकाच वेळी करायची असतात.

या तिन्ही कामांत ही पट्टी इतर कोणत्याही बांधणीपेक्षा सरस ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. साधी सुती पट्टी कितीही नीट बांधली तरी दोन-चार वेळा उकरून झाल्यावर घोट्याकडे सरकते आणि तळवा उघडा पडतो. चिकट प्लास्टर टिकते खरे, पण काढताना नडगीच्या खवल्यांना आणि ज्या जातींच्या पायांवर पिसे असतात त्यांच्या पिसांना ओढते, मग पुढच्या वेळी कोंबडी हातात यायला तयार होत नाही. ही पट्टी पिसांना वा कातडीला चिकटत नाही; एका थरावर दुसरा थर दाबला की तेवढेच धरून राहते. काढताना बोथट टोकाच्या कात्रीने एका बाजूने कापली की सबंध बांधणी टोपणासारखी निघते आणि आतील गॉझवर काय लागले आहे, हे नीट पाहता येते.

रुंदीबाबत मात्र काळजी घ्यावी. दुकानात सहज हाती दिले जातात ते 5 किंवा 7.5 सेंटिमीटर रुंदीचे रोल. ते कुत्र्याच्या पायाला किंवा माणसाच्या मनगटाला ठीक आहेत, पण कोंबडीच्या बोटांमधून त्यांची गुंडाळी होते, कडा दुमडतात आणि त्या दुमडीच बोटांना काचतात. 2.5 सेंटिमीटरचा रोल मागून घ्यावा. तो नसेल तर रुंद रोल उभा कापून घ्यावा. रंगाचीही एक बाब आहे, जी ऐकायला क्षुल्लक वाटेल: लाल पट्टी घेऊ नये. लाल रंगावर टोच मारण्याची कोंबड्यांची सवय जगजाहीर आहे आणि कळपातल्या बाकीच्या कोंबड्या ती पट्टी पाहता पाहता उसवतात. निळा किंवा हिरवा रंगही सुरुवातीला कुतूहलाने टोचला जातो, पण लवकरच त्याकडे दुर्लक्ष होते.

बांधण्याआधीची तयारी जितकी चांगली तितकी पट्टी टिकते. कोंबडीला टॉवेलमध्ये गुंडाळून डोके हलकेच झाकले की ती बरीच शांत होते. मात्र छाती आवळू नये, कारण पक्ष्यांना सस्तन प्राण्यांसारखे श्वासपटल नसते आणि उरोस्थी, म्हणजे छातीचे मधले हाड, पुढे-मागे हलली तरच त्यांना श्वास घेता येतो. कोमट पाण्यात मॅग्नेशियम सल्फेट, म्हणजे एप्सम मीठ, विरघळवून त्यात पाय 10 ते 15 मिनिटे ठेवला की खपली मऊ होते. ते पाणी कोंबडीने पिऊ नये, कारण हे मीठ रेचक आहे. त्यानंतर पाय स्वच्छ पाण्याने धुऊन पोव्हिडोन आयोडीन हे जंतुनाशक लावावे. बाटलीतले 10 टक्क्यांचे द्रावण जखमेत तसेच ओतण्याची सवय अनेकांना असते, पण ते नव्याने भरून येणाऱ्या पेशींनाही इजा करते. एक भाग द्रावणात नऊ भाग पाणी घालून ते फिक्या चहाच्या रंगाचे करून घेणे पुरेसे असते. आयोडीन घाण आणि रक्त यांच्या संपर्काने निष्प्रभ होते, म्हणून आधी धुणे आणि मग आयोडीन, हा क्रम उलटा करू नये. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस पाहून समाधान वाटते खरे, पण ते रोज वापरले तर जखम भरायची थांबते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पाय पूर्ण कोरडा करावा, बोटांमधल्या खाचांसह. ओल्या पायावर बांधलेली पट्टी आतल्या आत कातडी पांढरी आणि भुसभुशीत करते, आणि तो दोष पट्टीचा नसतो.

जखमेवर थेट ही पट्टी कधीही येऊ नये. खाली न चिकटणाऱ्या गॉझचा तुकडा हवा, आणि त्याभोवती गॉझचीच वळकटी करून केलेले कडे असेल तर उत्तम. कड्याच्या मधोमध जखम येते आणि कोंबडीचे वजन तिच्याभोवतीच्या निरोगी भागावर पडते. मलम लावायचे असल्यास अगदी पातळ थर द्यावा. वेदनाशामक म्हणून ज्या मलमांत बेंझोकेनसारखी बधिर करणारी द्रव्ये असतात ती पशुवैद्यकांच्या सल्ल्याशिवाय वापरू नयेत, कारण पक्ष्यांचे शरीर अशा द्रव्यांना फार संवेदनशील असते. जस्तयुक्त मलमेही टाळावीत, कारण पट्टी सुटली तर कोंबडी पाय टोचते आणि मलम पोटात जाते.

प्रत्यक्ष बांधताना पट्टी नडगीपासून सुरू करून तळव्याखालून पुढच्या पहिल्या व दुसऱ्या बोटामधून वर आणावी, पुन्हा तळव्याखालून दुसऱ्या फटीतून न्यावी आणि मागच्या बोटाच्या दोन्ही बाजूंनी घेऊन नडगीवर संपवावी. बोटांची टोके आणि नखे उघडी राहिली पाहिजेत. एक माणूस कोंबडी धरणारा आणि दुसरा बांधणारा असेल तर हे काम सुरळीत होते. एकट्याने करणे शक्य आहे, पण त्यात पट्टी घट्ट ओढली जाण्याचा धोका वाढतो.

हा धोका हाच या वस्तूचा सर्वांत मोठा दोष आहे आणि त्याबद्दल वेष्टनावर पुरेसे लिहिलेले असते, असे मला आढळले नाही. सूचना असतात त्या घोडे, कुत्रे आणि खेळाडू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेल्या. कोंबडीच्या काडीएवढ्या नडगीचा त्यात उल्लेखही नसतो. ही पट्टी रबरासारखी ताणते आणि बांधल्यानंतर पुन्हा आकसू पाहते, म्हणजे बांधताना ‘बरोबर’ वाटलेला ताण थोड्या वेळाने जास्त ठरतो, आणि एकावर एक थर चढत गेले की तो आणखी वाढतो. त्यावर उपाय एकच: लागेल तेवढी पट्टी आधी रोलवरून सोडवून, सैल करून, कापून ठेवावी आणि मग ताण न देता नुसती पायावर लपेटून वरून दाबावी. चिकटण्यासाठी तिला ताण लागत नाही, बोटांचा दाब पुरतो. बांधून झाल्यावर नडगीवरच्या कडेखाली काडीपेटीतली काडी सहज सरकली पाहिजे. तासाभराने बोटे पाहावीत. ती गार, फुगलेली किंवा निळसर-जांभळी दिसली तर कसलाही विचार न करता पट्टी कापून टाकावी.

पहिल्यांदा पट्टी बांधल्यावर कोंबडी प्रत्येक पावलाला पाय अकारण उंच उचलून टाकते, मध्येच थांबून पायाकडे एका डोळ्याने पाहते आणि सुटलेले टोक शोधून काढते. ते टोक नडगीच्या मागच्या बाजूला, चोचीला सहज न सापडेल असे संपवणे आणि त्यावर हाताची ऊब देत क्षणभर दाबून धरणे, एवढ्याने पट्टी टिकण्यात बराच फरक पडतो. स्वस्त प्रतीच्या एका रोलचे टोक मात्र कितीही दाबले तरी सुटत राहिले. उत्पादकाचे नाव घेत नाही, पण रोल घेताना थोडी पट्टी उलगडून दोन थर एकमेकांवर दाबून पाहावे, ही सूचना करीन.

टिकाऊपणाबद्दल बोलायचे तर खुराड्यातल्या भुशाच्या कोरड्या गादीवर ही पट्टी दोन दिवस सहज राहते, पण राहते म्हणून ठेवू नये. सुरुवातीला रोज आणि जखम कोरडी पडू लागल्यावर एक दिवसाआड ती बदलावी. ओली झाली तर लगेच बदलावी. तळव्याखालचा थर सर्वांत आधी झिजतो, त्यावर भुशाचा आणि विष्ठेचा राखाडी लेप बसतो आणि तो कडेने आत झिरपू लागला की पट्टीचा उद्देशच संपतो. काढलेली पट्टी धुऊन पुन्हा वापरण्याचा मोह आवरावा, कारण धुतल्यावर तिची पकड जाते आणि जिवाणू मात्र पूर्ण जात नाहीत. हेच जिवाणू माणसाच्या हातावरच्या जखमेलाही लागू शकतात, म्हणून हातमोजे घालावेत आणि वापरलेले साहित्य पिशवीत बांधून टाकावे.

या पट्टीकडून काय अपेक्षू नये, हेही सांगितले पाहिजे. तळवा फक्त लाल आहे, छोटी खपली आहे, कोंबडी खाते-पिते आहे, अशा अवस्थेत धुणे, आयोडीन, पट्टी आणि कोरडी जागा एवढ्यावर भागण्याची चांगली शक्यता असते. सूज बोटांवर किंवा घोट्यापर्यंत चढली असेल, घट्ट गोळा खोलवर लागत असेल, कोंबडी पाय टेकतच नसेल किंवा मलूल झाली असेल, तर संसर्ग स्नायुबंध आणि हाडापर्यंत गेलेला असू शकतो आणि तेव्हा कितीही सुबक बांधणी निरुपयोगी आहे. चाकू किंवा ब्लेडने गोळा काढून दाखवणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत. ते पाहून स्वयंपाकघराच्या ओट्यावर भूल न देता शस्त्रक्रिया करणे मला अजिबात पसंत नाही. कोंबडी वेदना लपवते, ओरडत नाही, याचा अर्थ तिला दुखत नाही असा नव्हे, आणि तळव्यातल्या रक्तवाहिन्या व स्नायुबंध नवख्या हाताला ओळखू येत नाहीत. ते काम पशुवैद्यकांचे आहे. प्रतिजैविके तर त्यांच्याच सल्ल्याने द्यावीत, आणि ती चालू असताना व नंतर त्यांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत अंडी खाऊ नयेत.

खुराड्यातली कारणे तशीच ठेवून पट्ट्या बदलत राहणे म्हणजे नुसता रोलचा खप वाढवणे होय. वजनदार कोंबडी उंच दांड्यावरून रोज कडक जमिनीवर उडी मारत असेल, दांड्याला कुसळे असतील, जमिनीला तारेची जाळी असेल किंवा गादी ओली राहत असेल, तर एक पाय बरा होईतो दुसरा दुखू लागतो. तसाही बांधलेल्या पायामुळे चांगल्या पायावर जास्त भार येतो, म्हणून पट्टी बदलताना दुसरा तळवाही दर वेळी उलटून पाहावा. दांडा कमी उंचीचा, 5 ते 10 सेंटिमीटर रुंदीचा, कडा गोल केलेला असावा. कोंबडी लठ्ठ असेल तर दाण्याचा हात आखडता घ्यावा आणि आहारात जीवनसत्त्व अ कमी पडत नाही ना, हे पाहावे.

पर्याय म्हणून रबरी किंवा कापडी तयार पायमोजेही मिळतात. ते झटपट चढतात, पण मापात बसणे दुर्मीळ, आणि रबरी प्रकारात आत घाम-ओल साचते. पट्टीवरून थोडा वेळ चिखलापासून संरक्षण म्हणून ठीक, पट्टीच्या जागी नव्हे.

एकूण पाहता घरी कोंबड्या पाळणाऱ्याने 2.5 सेंटिमीटरचा, लाल सोडून कोणत्याही रंगाचा एक रोल औषधांच्या डब्यात ठेवावा अशी शिफारस मी निःसंकोच करतो. फार रोल साठवू नयेत, कारण उष्णतेने यातला चिकटपणा कमी होत जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळाभर पडून राहिलेला रोल ऐन वेळी उलगडताना तुकड्या-तुकड्यांनी हातात येतो.