नर्मदा परिक्रमेत सोबत्याला घरची ओढ लागली तर: थांबायचं, वाटा वेगळ्या करायच्या की सगळ्यांनीच परतायचं?

ओंकारेश्वरच्या गोमुख घाटावर चौघांनी मिळून संकल्प सोडला, पहिले दोन आठवडे बरे गेले आणि मग त्यातल्या एकाला किंवा दोघांना घर दिसायला लागलं. पायी परिक्रमेत हे वारंवार घडतं. अशा वेळी टोळीपुढे पाच वाटा असतात: दोन-चार दिवस मुक्काम वाढवायचा, परतणाऱ्यांनी परतायचं आणि बाकीच्यांनी चालत राहायचं, आत्ता खंड पाडून पुढच्या वर्षी याच जागेपासून उचलायची, उरलेली गाडीनं करायची, किंवा सगळ्यांनीच माघारी फिरायचं. यातली कुठली बरी हे ओढ किती तीव्र आहे यावर कमी आणि तुम्ही कुठल्या तटावर आहात, वेगळं झाल्यावर दोन्हीकडे किती माणसं उरतात, यावर जास्त ठरतं.

ओढ कसली आहे

आठव्या ते पंधराव्या दिवसादरम्यान येणारी ओढ बहुतेक वेळा पायांची असते. डांबरी रस्ता, घाटावर आंघोळ करून ओल्याच पायांत चढवलेले मोजे आणि पाठीवर दहा-बारा किलोंची झोळी यांनी तळव्याला फोड येतात. मग रात्री झोप लागत नाही आणि घरची गादी आठवते. यावर परतणं हा उपाय नव्हे. फोडाची कातडी सोलू नका. निर्जंतुक सुईनं कडेला भोक पाडून पाणी काढा, वर चिकटपट्टी लावा, दोन रात्री एकाच आश्रमात आसन लावा (मुक्काम करा) आणि झोळी सात-आठ किलोंवर आणा. जुलाब असतील तर ओआरएस घेऊन तेवढीच विश्रांती. फोड लाल होऊन पू धरला, ताप आला किंवा माणूस मधुमेही असेल, तर मात्र आधी दवाखाना.

दुसरी ओढ कारण असलेली असते: घरी कुणी आजारी, हरभरा-गव्हाची काढणी तोंडावर, मुलाची दहावी-बारावी. ही विश्रांतीनं जात नाही, उलट रोजच्या फोननं वाढते. अशा माणसाला ‘मैया (नर्मदा) बघून घेईल’ असं सांगून ओढत नेणं आम्हाला पटत नाही. तो शरीरानं बरोबर चालतो, पण वाट चुकतो, ठेच खातो, चिडतो, आणि दहा दिवसांनी अशा ठिकाणी हट्ट धरतो जिथून बसही मिळत नाही.

दोन्हींतला फरक ओळखायला सोपी परीक्षा आहे. निर्णय संध्याकाळी घेऊ नका. सलग दोन सकाळी, बालभोग (सकाळचा नाश्ता) झाल्यावर, त्या सोबत्याला विचारा. दोन्ही वेळा उत्तर तेच आलं तर ते खरं धरा.

तट आणि घरची वाट

परिक्रमेत नदी मधे ओलांडायची नसते. महाराष्ट्र मैयाच्या दक्षिणेला आहे, म्हणून दक्षिणतटावरून घरी येताना नदी ओलांडावी लागत नाही. उत्तरतटावरून नेहमीच्या रेल्वेनं निघालात तर पुलावरून मैया ओलांडली जाते आणि परिक्रमा खंडित होते. पुढच्या वर्षी तिथूनच उचलायची इच्छा असेल तर हा फरक मोठा आहे. ओंकारेश्वरहून सुरुवात केलेल्यांसाठी टप्पे असे पडतात:

| टप्पा | तट | बाहेर पडायची जागा | घरी येताना मैया ओलांडावी लागते का |
|---|---|---|---|
| ओंकारेश्वर ते बडवानी | दक्षिण | खंडवा जंक्शन. बडवानीहून सेंधवा–धुळे किंवा खेतिया–शहादा | नाही |
| शूलपाणीची झाडी | दक्षिण | धडगाव किंवा मोलगी, तिथून नंदुरबार | नाही |
| राजपिपळा ते विमलेश्वर | दक्षिण | अंकलेश्वर जंक्शन | नाही |
| मिठीतलाई, भरूच, गरुडेश्वर | उत्तर | भरूच, वडोदरा | हो |
| महेश्वर, मंडलेश्वर, नेमावर | उत्तर | इंदूर. नेमावरहून पूल ओलांडून हरदा | हो |
| जबलपूर | उत्तर | जबलपूर स्टेशन | इटारसीमार्गे हो, कटनी–बिलासपूरमार्गे नाही |
| अमरकंटक | उगम | पेंड्रा रोड, तिथून बिलासपूर–नागपूर | नाही |
| बरमान ते ओंकारेश्वर | दक्षिण | नरसिंहपूर, इटारसी, हरदा, खंडवा | नाही |

जबलपूरची ओळ बहुतेकांना माहीत नसते. जबलपूरहून इटारसीकडे जाणारी गाडी वाटेत नर्मदा ओलांडते. तीच सोय कटनी, शहडोल, अनूपपूर, बिलासपूर अशी घेतली तर रूळ उगमाच्या पलीकडून वळसा घालतो आणि गोंदियामार्गे नागपूर गाठता येतं. वेळ बराच जास्त लागतो आणि बहुधा गाडी बदलावी लागते, पण खंड पाडून पुढे उचलायचं असेल तर हाच मार्ग. पुन्हा यायचं तेही याच वाटेनं.

काही जुने साधू म्हणतात, मार्ग सोडला की मोडलीच, ओलांडा अथवा न ओलांडा. काही आश्रमांत खंड परिक्रमा मान्य असते, अट एवढीच की सोडली त्या जागेवरूनच पुढे चालावं. तुमच्या घराण्यात किंवा गुरुस्थानी काय मानतात ते आधी विचारून घ्या, म्हणजे घाटावर उभं राहून वाद होत नाही.

तक्त्यातल्या दोन जागा महत्त्वाच्या. पहिली बडवानी. इथून शूलपाणीच्या झाडीत (जंगलात) शिरलात की डोंगरातून चालावं लागतं, फोनची रेंज कित्येक ठिकाणी नसते आणि वाहनासाठी धडगाव किंवा मोलगीपर्यंत उतरावं लागतं. मन डळमळीत असलेल्यानं बडवानीच्या आतच ठरवावं. ज्याला घरी जायचं नाही पण झाडीची धास्ती आहे, त्याच्यासाठी खेतिया, शहादा, प्रकाशा, तळोदा, अक्कलकुवा, सागबारा, डेडियापाडा असा सडकेचा मार्ग आहे. टोळीनं इथं दोन भाग करून राजपिपळ्याला पुन्हा एकत्र यावं. कायमचं वेगळं होण्यापेक्षा हा तोडगा कितीतरी टोळ्यांना पुरतो.

दुसरी जागा विमलेश्वर. इथून होडीनं रेवासागर संगमावरून, म्हणजे मैया समुद्राला मिळते तिथून, समुद्रातून पलीकडे मिठीतलाईला उतरतात. होडी भरती-ओहोटीच्या वेळेवर सुटते, प्रवास काही तासांचा असतो, आणि गर्दी असली तर एक-दोन दिवस थांबावं लागतं. एकदा पलीकडे उतरलात की घरची सोपी वाट संपली, ती थेट अमरकंटकापर्यंत. म्हणून विमलेश्वरच्या मुक्कामात प्रत्येकाला स्पष्ट विचारा. नाव नोंदवून ऐनवेळी होडीतून उतरणारा माणूस बाकीच्यांचीही घडी विस्कटतो.

पाच वाटांची तुलना

*मुक्काम वाढवणं.* पहिल्या प्रकारच्या ओढीवर हाच उपाय. दोन ते तीन रात्री पुरतात. त्याहून जास्त थांबलात तर चालते पाय आखडतात, आणि छोट्या आश्रमावर चौघांच्या भोजनप्रसादीचा भार पडतो, तेव्हा धान्य किंवा सेवा द्यावी. वेळेचा हिशोबही ठेवा. नदी 1312 किलोमीटर लांब, म्हणजे दोन्ही तट मिळून 2600 च्या वर, वळणं धरून आणखी जास्त. रोजचे 20 किलोमीटर धरले तरी 130 दिवस चालायचे. कार्तिकी एकादशीनंतर निघालेला माणूस असे चार-पाच मुक्काम करत गेला तर शेवटचा दक्षिणतट एप्रिल-मेच्या उन्हात येतो. ज्यांनी 3 वर्षं 3 महिने 13 दिवसांची परिक्रमा घेतली आहे त्यांना ही घाई नाही, त्यांना चातुर्मासात एका जागी बसायचंच असतं.

*परतणाऱ्यांनी परतणं, बाकीच्यांनी चालणं.* कारण खरं असेल तर आमच्या मते हीच सर्वांत चांगली वाट, एका अटीवर: दोन्ही बाजूंना कुणी एकटं पडत नाही ना ते बघा. चौघांचे दोन-दोन झाले तर उत्तम. तिघांतला एक निघाला तर त्याला स्टेशनपर्यंत सोडून, गाडीत बसवून मगच वळा. दोघांतला एक निघाला तर उरलेल्यानं तिथंच थांबून मागून येणाऱ्या परिक्रमावासींची सोबत धरावी. हंगामात मोठ्या आश्रमांत एक-दोन दिवसांत कुणीतरी येतंच. झाडीत आणि जबलपूरच्या पुढच्या जंगलपट्ट्यात एकट्यानं, त्यातही एकट्या बाईनं, पहिल्यांदा जाऊ नये. आजारी माणसाला एकटं गाडीत बसवणं तर कधीच नाही.

इथं नेहमी होणारी चूक म्हणजे ‘अजून दोन गावं ये, मग बघू’. दोन गावांची चार होतात आणि स्टेशन मागं पडतं. ठरलं की सर्वांत जवळच्या सोयीच्या जागी वेगळं व्हावं. तत्काळ तिकीट गाडीच्या आदल्या दिवशी उघडतं, वातानुकूलितचं सकाळी 10 ला आणि स्लीपरचं 11 ला. त्यामुळे रेंज असलेल्या गावात आदल्या सकाळी पोचलेलं बरं. दीड महिना चाललेल्या पायांनी जनरल डब्यात रात्रभर उभं राहणं अवघड जातं.

*खंड पाडून पुढे उचलणं.* दक्षिणतटावर असाल आणि घरचं काम महिन्या-दोन महिन्यांचं असेल तर विचार करण्याजोगी. सगळी टोळी मिळून खंड पाडते तेव्हा सोबत टिकते, पण पुढच्या वर्षी चौघांच्या रजा पुन्हा जुळणं कठीण, हे लक्षात ठेवा. सोडलेल्या गावाचा शिक्का आणि तारीख परिक्रमेच्या कागदावर घ्या, मंदिराचं नाव लिहून ठेवा, फोटो काढा.

*उरलेली गाडीनं.* पूर्ण गाडीची परिक्रमा साधारण पंधरा-वीस दिवसांत होते. गुडघा गेलेल्या पण घरी जायचं नसलेल्या माणसाला ती योग्य. घरची ओढ असलेल्याला नाही, कारण त्याला ते पंधरा दिवसही जड जातात. होडीच्या टप्प्यावर माणसं समुद्रातून आणि गाडी रिकामी भरूचच्या पुलावरून, अशी सोय चालकाशी आधी बोलून ठेवावी लागते.

*सगळ्यांनीच परतणं.* ऐकायला हे मोठ्या मनाचं वाटतं, पण एकासाठी चौघांनी मोडलेल्या परिक्रमेचं ओझं पुढे त्या एकावरच येतं, आणि कित्येक वर्षं निघत राहतं. दोनच प्रसंगी हे करावं: एकाच घरातली माणसं असून घरचा प्रसंग सगळ्यांचा असेल तेव्हा, किंवा मागं राहणाऱ्यांत वाट, भाषा आणि तब्येत सांभाळू शकणारं कुणीच उरत नसेल तेव्हा. नवरा-बायकोपैकी एकालाच ओढ असेल तर दोघांनी परतावं की नाही हे त्यांचं त्यांनी ठरवावं. टोळीनं त्यात मत देऊ नये.

वेगळं होण्याच्या आदल्या संध्याकाळी

धर्मशाळेच्या ओट्यावर एक चादर अंथरा आणि सगळ्यांच्या झोळ्या तिच्यावर रिकाम्या करा. सदाव्रतात (परिक्रमावासींसाठीच्या अन्नदानात) पुष्कळ ठिकाणी डाळ, तांदूळ, पीठ असा कोरा शिधा मिळतो, तेव्हा पातेलं, तवा, काडेपेटी आणि मिठाची डबी पुढे जाणाऱ्यांकडे राहायला हवी. ताडपत्री, सुतळी आणि टॉर्चही त्यांच्याकडेच. औषधांत ओआरएस, क्रेप बँडेज आणि चिकटपट्टी पुढे जावी. परतणाऱ्याला प्रवासापुरत्या दोन-चार पुड्या आणि त्याच्या स्वतःच्या रोजच्या गोळ्या. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळ्या हलक्या झोळीत जागा आहे म्हणून दुसऱ्याकडे ठेवलेल्या असतात आणि तिथंच राहून जातात, हे हमखास घडतं. पॉवरबँक एकच असेल तर ती चालणाऱ्यांची.

सामायिक पैशांचा हिशोब त्याच रात्री मिटवा, घरी गेल्यावर बघू म्हणू नका. आधार कार्ड आणि परिक्रमेचा कागद प्रत्येकाचा प्रत्येकाकडे आहे ना ते उघडून तपासा. त्या कागदावर आश्रमांचे आणि ग्रामपंचायतींचे शिक्के असतात आणि तो नसला तर अनोळखी गावात मुक्काम मागताना प्रश्न येतात.

कुपीतल्या, म्हणजे संकल्पापासून बरोबर वागवलेल्या बाटलीतल्या, नर्मदाजलाचा प्रश्न नाजूक असतो. प्रत्येकाची कुपी वेगळी असेल तर कायमचा परतणारा घाटावर पूजा करून आपलं जल मैयाला अर्पण करतो, क्षमा मागतो आणि ऐपतीप्रमाणे कन्याभोजन घालतो किंवा शिऱ्याची कढई करतो. खंड पाडणारा कुपी घरी देवघरात ठेवतो आणि पुढच्या वेळी तीच घेऊन येतो. टोळीत एकच कुपी असेल तर ती निमूटपणे चालणाऱ्यांकडे जावी. परतणाऱ्याच्या नावानं शेवटी ओंकारेश्वराला जल चढवायचं असेल तर तसं घाटावरच बोलून घ्यावं.

पुढचा संपर्कही तेव्हाच ठरवा. रोज फोन नको. घरी पोचलेल्याच्या रोजच्या बातम्यांनी चालणाऱ्यांपैकी आणखी एखादा हलतो. मोठ्या मुक्कामावरून एक निरोप पुरे: राजपिपळा, विमलेश्वर, नेमावर, जबलपूर, अमरकंटक, नर्मदापुरम. झाडीत शिरताना ‘इतके दिवस फोन लागणार नाही’ हे आधीच सांगा, म्हणजे घरची माणसं घाबरून पोलिसांकडे जात नाहीत. समारोपाला यायची परतलेल्यांची इच्छा असेल तर हंडियाला पोचल्यावर त्यांना कळवा. तिथून ओंकारेश्वर चालत साधारण आठवडा-दहा दिवसांचं, तेवढ्यात त्यांचं खंडव्याचं तिकीट होतं.