मराठी मजकुरासाठी ‘डब्ल्यूसी’: शब्द चोख, अक्षरे जपून

शब्दमर्यादेत लिहिणाऱ्यांना आणि शब्दांच्या हिशेबाने मानधन घेणाऱ्या अनुवादकांना मोजणीचे साधन लागतेच. पुष्कळ जण त्यासाठी मजकूर एखाद्या संकेतस्थळावर चिकटवतात. परंतु अप्रकाशित लेखन परक्या ठिकाणी टाकणे ज्यांना रुचत नाही, त्यांनी लिनक्स आणि मॅक या दोन्हींवर मुळातच असलेली ‘डब्ल्यूसी’ (wc, म्हणजे ‘वर्ड काउंट’) ही टंकून द्यायची आज्ञा वापरून पाहावी. युनिक्स या संगणकप्रणालीच्या १९७१ सालच्या पहिल्या माहितीपुस्तिकेतही ती नोंदलेली आहे. तिला पैसे पडत नाहीत, इंटरनेट लागत नाही, आणि पुस्तकाची सगळी प्रकरणे एकदम दिली तर प्रत्येकाची संख्या व खाली एकूण बेरीज क्षणात मिळते.

शब्दमोजणीत तिचा नियम साधा आहे: दोन मोकळ्या जागांमध्ये जे येईल तो एक शब्द. त्यामुळे ‘हळूहळू’ हा एक शब्द आणि ‘हळू हळू’ हे दोन, तर दोन्ही बाजूंना जागा सोडून टाकलेली रेघही बिचारी शब्द म्हणून मोजली जाते. नियम ठाऊक असल्यावर याचा त्रास होत नाही. मात्र विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये मराठीत नामाला जोडून येतात, आणि हिंदीत ‘घर के सामने’ असे तीन शब्द होतात तिथे आपला ‘घरासमोर’ एकच भरतो. म्हणून मानधन मूळ मजकुराच्या शब्दांवर की अनुवादाच्या, हे अनुवादकाने काम घेण्यापूर्वीच ठरवून घ्यावे.

अक्षरांची गोष्ट वेगळी आहे. ‘महाराष्ट्र’ हा शब्द वाचताना म, हा, रा, ष्ट्र अशी चार अक्षरे दिसतात, पण युनिकोड या लिप्यांच्या संगणकीय चिन्हसंचात काने आणि हलन्ताची चिन्हे स्वतंत्र असल्याने आज्ञेला जोडायचा ‘वजा एम’ (-m) हा पर्याय १० दाखवतो. ‘वजा सी’ (-c) हा पर्याय तर बाइट, म्हणजे साठवणीची एकके मोजतो, आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटचे असल्यामुळे उत्तर ३० येते. यांपैकी एकही उत्तर चुकीचे नाही. मराठी एसएमएसची मर्यादा इंग्रजीसारखी १६० नसून ७० चिन्हांची असते, आणि तिथे हे १० च खर्ची पडतात. त्या कामासाठी ‘वजा एम’ अगदी योग्य आहे. शब्दकोड्यासाठी किंवा अक्षरगणवृत्तासाठी मात्र हे साधन निरुपयोगी आहे. शिवाय ‘दुसऱ्या’मधला अर्धा र नुक्त्याच्या ‘ऱ’ने लिहिला तर चिन्हे सात होतात आणि अदृश्य जोडचिन्ह वापरून लिहिला तर आठ, म्हणजे दिसायला सारख्याच दोन प्रतींची संख्या जुळेलच असे नाही.

उणिवा आणखी आहेत. काळ्या पडद्यावर आज्ञा टंकण्याची सवय नसलेल्यांना ती रुक्ष वाटेल. वर्डची फाइल थेट दिली तर येणारे आकडे निरर्थक असतात, कारण ती फाइल आतून संकुचित असते. मजकूर आधी साध्या स्वरूपात, यूटीएफ-८ मध्ये साठवावा लागतो. ‘वजा एम’ने मोकळ्या जागा आणि ओळ संपल्याच्या खुणाही मोजल्या जातात, आणि विंडोजवर तयार झालेल्या फाइलमध्ये अशी प्रत्येक खूण दोन चिन्हांची असते, हे कवितेसारख्या आखूड ओळींच्या मजकुरात चांगलेच जाणवते.