क्लीन ईटिंगचा एक महिना, सहा जणांचा ग्रुप आणि गार जेवण: सात महिन्यांनंतरचा अनुभव

गेल्या मंगळवारी सकाळी बँकेचा मेसेज आला, पैसे वजा. कशाचे म्हणून बघितलं तर सात महिन्यांपूर्वी केलेल्या त्या ३० दिवसांच्या क्लीन ईटिंग कार्यक्रमाचे. महिना संपल्यावर मी खातं बंद केलं होतं. निदान माझी तशी समजूत होती. प्रत्यक्षात मी दाबलं होतं ते 'विराम' नावाचं बटण. हा विराम फक्त सहा महिन्यांचा असतो, हे त्याच्या खाली इतक्या बारीक अक्षरांत लिहिलंय की चष्म्यावर चष्मा चढवावा लागेल. सहा महिने झाले, खातं आळोखेपिळोखे देत उठलं आणि उठल्या उठल्या त्याने माझ्या खिशात हात घातला.

तेव्हा रागाच्या भरात लिहायला बसले आहे, हे आधीच सांगते. आकडेमोड हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे आणि न वापरलेल्या गोष्टीचे पैसे गेले की मला जेवण जात नाही. (त्यामुळे वजन उतरत असेल तर तेवढं श्रेय कार्यक्रमाला द्यायला हवं.)

काय खायचं नि काय टाळायचं याची यादी इथे देत नाही, ती सगळ्यांना पाठ असते. साखर, पाकिटातलं, तळलेलं बंद. भाज्या, फळं, कडधान्यं, अंडी, घरी शिजवलेलं चालू. मुळात 'क्लीन' या शब्दाला पक्की व्याख्याच नाही. अभ्यासक वापरतात ती 'नोव्हा' नावाची वर्गवारी. ती ब्राझीलमधल्या कार्लोस मोंतेइरो यांनी मांडली आणि अन्नावर किती प्रक्रिया झाली आहे यावरून त्याचे चार गट पाडले. आमच्या कार्यक्रमाची यादी म्हणजे साधारण चौथा गट, म्हणजे कारखान्यात अतिप्रक्रिया केलेलं अन्न, वगळायचा, एवढंच. हे कुठेही फुकट वाचायला मिळतं. म्हणजे पैसे यादीचे नव्हते, सहा अनोळखी माणसांच्या ग्रुपचे होते. आमच्यात एक रात्रपाळीवाला, एक आजी, एक शिक्षिका, एक नवरा-बायकोची जोडी आणि मी.

आता त्या फोटोबद्दल.

नियम असा की प्रत्येक खाण्याचा फोटो खाण्याआधी ग्रुपवर टाकायचा. आधी म्हणजे पहिला घास घेण्याआधी. ॲपच्या आतल्याच कॅमेऱ्याने काढायचा, आधी काढून ठेवलेला चालत नाही. अंधार असेल तर ॲप म्हणतं 'प्रकाश अपुरा', ताट अर्धवट दिसलं तर म्हणतं 'पूर्ण ताट दाखवा'. मग खुर्चीवर उभं राहायचं. मी पन्नाशीची बाई, दुपारी ऑफिसच्या जेवणाच्या खोलीत खुर्चीवर उभी राहून डब्याचा फोटो काढते आहे, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. वर नेटवर्क नसेल तर चक्र फिरत राहतं, आणि ते थांबेपर्यंत घास घेतला तर 'प्रामाणिकपणा'चे गुण कापले जातात. चौथ्या दिवशी मी घड्याळ लावून मोजलं. ताट वाढल्यापासून पहिल्या घासापर्यंत सरासरी साडेचार मिनिटं. दिवसाला चार वेळा, तीस दिवस. हिशेब केला तर नऊ तास होतात. नऊ तास मी गार होत जाणाऱ्या जेवणाकडे बघत बसले होते.

कार्यक्रमाच्या कोचला विचारलं तर उत्तर आलं, फोटोमुळे माणूस थांबतो आणि सावकाश खातो. वा! जेवायला उशिरा बसणं आणि सावकाश चावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उशीर झालेला माणूस उलट तुटून पडतो. खाण्याच्या वेगाचा मुद्दा खरा आहे, नाही असं नाही. २०१९ साली केव्हिन हॉल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत २० जणांना ठेवून घेऊन दोन आठवडे अतिप्रक्रियाकृत आणि दोन आठवडे साधं अन्न हवं तेवढं खायला दिलं. समोर ठेवलेल्या अन्नातली साखर, चरबी, मीठ, चोथा (फायबर) दोन्हीकडे सारखे होते. तरी पहिल्या प्रकारात माणसं रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली, आणि खाण्याचा वेगही जास्त होता. पण तो फरक अन्न कसलं होतं याचा होता, त्यात कुणाला खुर्चीवर चढवलं नव्हतं.

दुसरा दावा होता, 'फोटो खोटं बोलत नाही.' बरोबर आहे, पण न काढलेला फोटो काहीच बोलत नाही. माणसं आपलं खाणं कमी सांगतात, हे जुनं आहे. १९९२ साली छापून आलेल्या एका अभ्यासात, कितीही कमी खाल्लं तरी वजन हटत नाही म्हणणाऱ्यांचं खाणं मोजलं, तर त्यांनी सांगितलेला आकडा खऱ्यापेक्षा सरासरी ४७ टक्क्यांनी कमी निघाला. ते काही लबाड नव्हते, त्यांना खरंच तसं वाटत होतं. माझं सांगते. सहाव्या दिवशी ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस होता. मी केकचा तुकडा उभ्या उभ्या खाल्ला. ताट नव्हतं, मग फोटो कशाचा काढणार? रात्री मात्र सॅलडचा फोटो टाकला आणि वर एक कोथिंबिरीची काडी शोभेला ठेवली. त्याला सर्वांत जास्त बदाम मिळाले. माझ्याच घरात, माझ्याच ताटावर मी सजावट करायला लागले होते.

पहिल्या आठवड्याचं थोडक्यात. तिसऱ्या दिवशी डोकं असं ठणकलं की मला वाटलं आता संपलं. कोच म्हणाला, 'विषारी द्रव्यं बाहेर पडताहेत.' ते काम यकृत आणि मूत्रपिंडं कार्यक्रमात नाव न नोंदवताही करत असतात. माझं कारण साधं होतं, साखरेबरोबर मी कॉफीही एका दिवसात तोडली होती. कॅफीन अचानक सोडलं की १२ ते २४ तासांत डोकेदुखी सुरू होते आणि ती दोनपासून नऊ दिवसांपर्यंत चालू शकते. कॉफी बिनसाखरेची पुन्हा सुरू केली, तासाभरात डोकं शांत. कडधान्यं एकदम वाढवल्याने पोटात काय गोंधळ झाला तो सांगत नाही. चोथा हळूहळू वाढवावा आणि पाणी जास्त प्यावं, एवढी एक ओळ यादीच्या वर लिहिली असती तर काय बिघडलं असतं? आठव्या दिवशी वजन दोन किलो कमी, ग्रुपवर फटाके. मी फटाक्यांत सामील झाले नाही, कारण शरीर साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (हा स्नायूंतला आणि यकृतातला साखरेचा साठा) सुमारे तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की आधी ते पाणी जातं, चरबी नंतर.

बाराव्या दिवशी मी ॲपला दोन तारे देऊन मोकळी झाले. तेव्हाचं मत अजूनही तिथे आहे, शोधलं तर सापडेल. भाषा जरा जास्तच आहे.

आता मत कसं बदललं ते सांगते. तेराव्या रात्री रात्रपाळीवाल्याने फोटोच्या जागी एकच शब्द टाकला: 'कंटाळा'. पहाटेचे तीन वाजले होते. त्याच्या मशीनशेजारी बिस्किटांचा पुडा होता आणि त्याला भूक नव्हती, एवढंच त्याला सांगायचं होतं. आजींना तसंही त्या वेळी झोप नसते. त्यांनी लिहिलं, 'मी पण जागी आहे, बोल.' सकाळी उठून बघते तर दोघांचे चाळीस मेसेज होते आणि त्यात खाण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. पुडा फोडला नव्हता.

त्या दिवसापासून आमची रीत पडली. आपापल्या पडत्या वेळेला एक शब्द टाकायचा, 'भूक' किंवा 'कंटाळा'. भूक असेल तर कुणी काही बोलायचं नाही, माणसाने जाऊन खावं. कंटाळा असेल तर जो जागा असेल त्याने बोलायचं. माझी पडती वेळ दुपारी चारची. तोवर मी चार वाजताची भूक म्हणजे भूकच समजत होते. दहा दिवस शब्द टाकल्यावर मोजलं, सात वेळा 'कंटाळा', दोन वेळा 'भूक', आणि एकदा 'साहेब' असं टाकलं होतं. ते बाकीच्यांना बरोबर कळलं.

ग्रुपचा उपयोग होतो हे काही नवं संशोधन नाही. १९९९ सालच्या एका अभ्यासात वजन कमी करायला एकेकट्याने आलेल्यांपैकी ७६ टक्क्यांनी उपचार पूर्ण केला. मित्रांबरोबर आलेल्या आणि वर एकमेकांना आधार देण्याचं शिक्षण मिळालेल्यांपैकी ९५ टक्क्यांनी. कमी झालेलं वजन चौथ्यापासून दहाव्या महिन्यापर्यंत पूर्णपणे टिकवणारे एकट्यांत २४ टक्के, दुसऱ्या गटात ६६. पण ते लोक आपले मित्र घेऊन आले होते. आम्हाला यंत्राने एका टोपलीत टाकलं होतं. आमची टोपली बरी निघाली, हे नशीब. माझ्या ओळखीच्या एकीच्या ग्रुपमध्ये पाचव्या दिवशी सगळे गप्प झाले आणि ती एकटी स्वतःच्या ताटाचे फोटो स्वतःलाच दाखवत राहिली. तिने पैसे तेवढेच भरले होते.

सगळंच गोड होतं असंही नाही. शिक्षिकाबाई तिसऱ्या आठवड्यात बाहेर कुणाकडे जेवायला जायलाच तयार होईनात, तिथल्या ताटाचा फोटो 'लाल' येईल म्हणून. ॲप प्रत्येक ताटाला हिरवा, पिवळा, लाल रंग देतं आणि एक लाल आला की तुमच्या सलग दिवसांचा आकडा शून्यावर. शुद्ध खाण्याचा ध्यास अति झाला की तोच आजार होतो, त्याला १९९७ साली स्टीव्हन ब्रॅटमन या डॉक्टरांनी 'ऑर्थोरेक्सिया' असं नाव दिलं. बाईंना तो झाला असं मी म्हणत नाही, मी डॉक्टर नाही. पण त्या एका फोनवर रडल्या, आणि त्या रडण्याचं कारण खाणं नव्हतं, तो आकडा होता. आजींनी त्याच संध्याकाळी मुद्दाम मोठा आईस्क्रीमचा फोटो टाकला आणि स्वतःचा आकडा शून्यावर आणला. 'आता दोघी मिळून एकपासून मोजू,' म्हणाल्या. मला वाटतं त्या महिन्यातलं सर्वांत पौष्टिक खाणं तेच असावं.

तिसाव्या दिवशी मी दोनाचे चार तारे केले. आजही कार्यक्रमातल्या एका गोष्टीचं मनापासून कौतुक करते, पाकिटावरची बारीक अक्षरं वाचायला लावणारा तो एक धडा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. साखर पहिल्या नंबरावर दिसू नये म्हणून तिचे तुकडे करतात. थोडी डेक्स्ट्रोज, थोडं कॉर्न सिरप, थोडा फळांचा आटवलेला रस. सगळं वेगवेगळं खाली ढकलायचं. मी 'पौष्टिक' म्हणून आठ वर्षं खात असलेल्या नाश्त्याच्या पाकिटावर साखर पाच नावांनी बसली होती. हिशेबात खर्च पाच खात्यांत विभागून लपवतात ना, अगदी तसंच. मला हे आधी कसं कळलं नाही याचीच लाज वाटली. जागतिक आरोग्य संघटना २०१५ पासून सांगते आहे की वरून घातलेली साखर, मध, सिरप, फळांचा रस यांतून मिळणारी साखर एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ टक्क्यांच्या आत असेल तर आणखी चांगलं. २००० कॅलरींवर ५ टक्के म्हणजे २५ ग्रॅम, सुमारे सहा चमचे. माझे चार सकाळच्या वाडग्यातच संपत होते.

आता सात महिन्यांनंतरची स्थिती. ते पाकीट परत आणलेलं नाही. कॉफी बिनसाखरेचीच आहे. रात्रीचं जेवण बहुतेक दिवशी घरी शिजतं. केक खाते, बसून खाते. वजन महिनाभरात साडेतीन किलो उतरलं होतं, त्यातला दीड किलो परत आला. ॲपवर 'फक्त २१ दिवसांत सवय' अशी पाटी झळकत असते ती साफ खोटी. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला मधला आकडा ६६ दिवसांचा आला, कुणाला १८ लागले तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. मला चारचा शब्द टाकायची सवय लागायला दहा दिवस लागले, बिस्किटांचा डबा न उघडायची सवय अजून पूर्ण लागलेली नाही.

ग्रुप मात्र चालू आहे. ॲपमध्ये नाही, साध्या मेसेजवर. सहातले पाच उरलोत, जोडीतल्या नवऱ्याने सोडलं, बायको आहे. फोटो टाकायला बंदी आहे. ही बंदी मी मांडली आणि एकमताने मंजूर झाली.

म्हणून आज तीन तारे. एक आजींचा, एक त्या पाकिटाच्या धड्याचा आणि एक रात्रपाळीवाल्याच्या 'कंटाळा'चा. खरं तर यातले दोन तारे ॲपचे नाहीतच, पण ती माणसं भेटली तिथेच. घ्यायचं असेल तर महिन्याचंच घ्या, वर्षाचं नको. शक्य असेल तर ओळखीचं माणूस बरोबर घेऊन या. आणि महिना संपला की 'विराम' दाबू नका. खरं बंद करायचं बटण सेटिंगमध्ये सर्वांत खाली, करड्या रंगात, 'इतर' या नावाखाली आहे.

पैसे परत मागायला तक्रारीचा फॉर्म भरला. नाव, तारीख, कारण, सगळं लिहून 'पाठवा' दाबलं तर फॉर्म पुढे जाईना. खाली लाल अक्षरांत आलं, 'कृपया फोटो जोडा.' कसला फोटो, ते कुठेच लिहिलेलं नाही, पण जोडल्याशिवाय फॉर्म हलत नाही. दुपारची वेळ होती, डबा समोर उघडा होता. मी खुर्चीवर चढले आणि पूर्ण ताट दिसेल असा फोटो काढून जोडला. फॉर्म गेला. उत्तर अजून नाही आणि डबा परत गार झाला होता.